घोडा आहे, मोतद्दार कुठे आहे?

१/ फेब्रुवारी १९६७. इंग्लंडमधील न्यूमार्केट स्थानकावर चार्ली नावाचा एक घोडा सेवानिवृत्त झाला. यार्डात डबे ओढून इकडून तिकडे हलवणारा, ब्रिटिश रेल्वेच्या नोकरीतला तो अखेरचा घोडा. वाफेची इंजिने विझायला दीड वर्ष उरले होते, डिझेल सर्वत्र पोचले होते, आणि तरीही शर्यतींची राजधानी म्हणवणाऱ्या या गावात एक घोडा रुळांवरून डबे सरकवत होता. त्या डब्यांतून कोण येत-जात असे? घोडेच.

२/ हा थ्रेड त्या डब्यांविषयी आहे. प्रवासी गाडीला जोडला जाणारा घोड्यांचा डबा, ज्याला इंग्रजी रेल्वेत 'हॉर्सबॉक्स' म्हणत. त्याच्या खेळण्यांतल्या आणि छंदिष्टांच्या टेबलावरच्या प्रतिकृती. आणि या प्रतिकृतींनी सुमारे सत्तर वर्षे बेमालूमपणे केलेली एक वगळणूक. छंद निरुपद्रवी आहे, हे मान्य. वगळणूक तशी नाही.

३/ आधी एक जुना गैरसमज बाजूला सारावा लागेल. 'आगगाडी आली आणि घोडा संपला' हे वाक्य शालेय पुस्तकांपासून रील्सपर्यंत सर्वत्र फिरते. ते चूक आहे. इतिहासकार एफ. एम. एल. थॉम्पसन यांनी १९७० मध्येच व्हिक्टोरियन इंग्लंडचे वर्णन घोड्यांवर चालणारा समाज असे केले. रेल्वेने स्थानकापर्यंत माल आणला. पण स्थानकापासून दारापर्यंत तो नेणार कोण? १९०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तीस लाखांहून अधिक घोडे होते, म्हणजे रेल्वे येण्यापूर्वी होते त्याहून जास्त. मोटार आली तेव्हा घोडा संपला, आगगाडी आली तेव्हा नव्हे. माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून आहे. तिथले घोडे आजही आहेत.

४/ घोडा रेल्वेचा प्रतिस्पर्धी नव्हता. तो तिचा नोकर होता, तिचा माल होता आणि काही भाग्यवंतांच्या बाबतीत तिचा प्रवासी होता. या तिसऱ्या प्रकारासाठीच हॉर्सबॉक्स बांधला गेला.

५/ त्याची पूर्वकथा रंजक आहे. १८३६ सालची डॉनकॅस्टरची सेंट लेजर शर्यत. एलिस नावाचा घोडा शर्यतीच्या अगदी तोंडावर दक्षिणेत गुडवुडलाच दिसत होता. त्या काळी शर्यतीचे घोडे शर्यतीच्या गावी पायीच जात. गुडवुड ते डॉनकॅस्टर म्हणजे पंधरवड्याची चाल. पैजा घेणाऱ्यांनी हिशेब केला की हा घोडा काही वेळेत पोचत नाही, आणि त्याच्यावर भरमसाट भाव दिला. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी मात्र एक बंद गाडा तयार करवून घेतला होता. सहा घोडे जुंपलेल्या त्या गाड्यातून एलिस थोड्याच दिवसांत ताजातवाना पोचला आणि जिंकला. (सतीबंदीच्या कायद्यामुळे महाराष्ट्रात परिचित असलेल्या विल्यम बेंटिंकचा हा पुतण्या.)

६/ घोड्याने चालायचे नसते, त्याला वाहून न्यायचे असते, हा विचार तेव्हापासून श्रीमंतांच्या डोक्यात पक्का बसला. रेल्वेने त्याला चाके दिली.

७/ आता प्रत्यक्ष डबा पाहावा. नमुनेदार ब्रिटिश हॉर्सबॉक्स बहुधा चार चाकांचा. मध्यभागी तीन ठाणे, एकाला लागून एक, मधल्या पडद्या गादी लावलेल्या, गाडीला हिसका बसला तरी घोड्याच्या अंगाला खरचटू नये म्हणून. बाजूच्या दाराचा खालचा अर्धा भाग फळीसारखा बाहेर पडे आणि फलाटावर टेकला की त्याचाच उतार होई. वरच्या भागाला दोन पाखे. चंदी-वैरणीला वेगळी जागा. आणि एका टोकाला, घोड्यांच्या तोंडांच्या बाजूस, एक अरुंद कप्पा. त्याला बाक, खिडकी, आणि ठाणांच्या दिशेने उघडणारी झडप. हा कप्पा मोतद्दाराचा.

८/ हा डबा मालगाडीत का जोडत नसत? कारण यांत्रिक आहे आणि सामाजिकही. जुन्या मालगाडीचे डबे साखळीने सैल जोडलेले असत. इंजिन निघाले की प्रत्येक साखळी खाडकन ताणली जाई, थांबले की बफरवर बफर आदळत. शिवाय मालगाडी तासन्‌तास बाजूच्या रुळावर पडून राही. कोळशाला याचे काही वाटत नाही. हजारो पौंडांच्या घोड्याचा पाय मोडतो. म्हणून हॉर्सबॉक्सला प्रवासी डब्यासारखी आवळून बसणारी स्क्रूची जोडणी, प्रवासी डब्याचाच ब्रेक किंवा निदान त्याची नळी, आणि प्रवासी डब्याचाच रंग. कागदोपत्री तो मालडब्यांत नव्हे, 'कोचिंग' वाहनांत मोडे. भारतीय रेल्वेच्या वर्गवारीतही तो टपालाच्या आणि पार्सलच्या डब्यांच्या पंगतीला बसलेला होता.

९/ ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या तारेच्या सांकेतिक भाषेत हॉर्सबॉक्सला 'पॅको' म्हणत. प्रदर्शनात बक्षिसे मिळवणाऱ्या गुरांच्या डब्याला 'बीटल'. त्या गुरांच्या डब्यातही राखणदाराचा कप्पा असे. सामान्य गुरे अर्थातच मालगाडीने, राखणदाराविना, खाटिकखान्याकडे जात. एकाच जातीच्या प्राण्यांत कोण कुठल्या गाडीने जाणार हे मालकाच्या खिशावर ठरे.

१०/ आणि माणसांत? २४ डिसेंबर १८४१ ची पहाट. ग्रेट वेस्टर्नची एक मालगाडी लंडनहून निघाली. तिला तिसऱ्या वर्गाचे प्रवासी वाहणारे उघडे डबे होते: छप्पर नाही, कडा जेमतेम गुडघ्याएवढ्या उंच. आत बसलेल्यांत बरेचसे पाथरवट होते. ब्रिटिश पार्लमेंटची नवी इमारत बांधून नाताळासाठी घरी निघालेले. रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदाईत दरड कोसळली होती. गाडी तीत घुसली. प्रवाशांचे डबे इंजिन आणि जड मालडबे यांच्या मधोमध जोडलेले होते. आठ जण जागीच गेले.

११/ याच दशकात सरदार-उमरावांचे घोडे छप्पर असलेल्या बंद डब्यांतून, प्रवासी गाडीला जोडून जात होते. सॉनिंगनंतर तीन वर्षांनी, १८४४ च्या कायद्याने, तिसऱ्या वर्गाच्या माणसाला दिवसातून निदान एक गाडी, डोक्यावर छप्पर, बसायला बाक आणि ताशी किमान बारा मैलांचा वेग मिळाला. घोड्याला यासाठी पार्लमेंटचा कायदा लागला नव्हता.

१२/ हे वाचून 'घोड्यांचे लाड' वगैरे टोमणे मारण्याचा मोह होईल. तो टाळावा. घोड्याला गादी मिळाली यात काही वावगे नव्हते. डब्याचा अर्थ घोड्यात नाही, त्या टोकाच्या अरुंद कप्प्यात आहे. मालक त्याच गाडीच्या पहिल्या वर्गात. घोडा गादीच्या पडद्यांत. आणि या दोघांच्या मधली जी व्यक्ती रात्री झडप उघडून घोड्याच्या नाकपुड्यांवर हात ठेवते, तोबरा बांधते, स्थानक आले की बादलीभर पाण्यासाठी फलाटावर धावते आणि शिट्टीच्या आत परत येते, ती व्यक्ती त्या कप्प्यात. ती प्रवासी होती की सामानाचा भाग? रेल्वेने आपल्या लाकूडकामात दिलेले उत्तर असे: बाक आहे, म्हणजे माणूस, पण प्रवाशांच्या डब्यात नाही, म्हणजे पुरता प्रवासीही नव्हे.

१३/ म्हणूनच हॉर्सबॉक्स हा इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी सोन्यासारखा पुरावा आहे. समाजाची उतरंड चार चाकांवर बांधून, रंगवून, क्रमांक घालून उभी केलेली. आता हा पुरावा छोट्या प्रमाणात उतरवताना काय झाले ते पाहावे.

१४/ १९५७-५८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने शंभराहून अधिक नवे हॉर्सबॉक्स बांधले. शर्यतीचे घोडे तोवर मोटारीने जाऊ लागले होते, म्हणजे हे डबे जन्मतःच कालबाह्य होते. (सरकारी खात्यांना अशी वेळ साधण्याची कला सर्वच देशांत अवगत असते.) थोड्याच वर्षांत हॉर्नबी-डब्लो या प्रसिद्ध खेळणी-रेल्वेने या डब्याची सुंदर प्रतिकृती बाजारात आणली, एक लालसर तपकिरी, एक दक्षिण विभागाची हिरवी. डब्यासोबत पेटीत एक छोटा घोडा मिळे. मोतद्दार मिळत नसे.

१५/ अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९५६ मध्ये '३३५६' क्रमांकाचा डबा काढला. हिरवा रंग, 'सांता फे' हे नाव, सोबत एक कुंपण आणि नऊ घोडे. बटण दाबले की कंपनाने घोडे सरकत डब्यातून बाहेर येत, कुंपणात फिरत आणि पुन्हा आत जात. मुलांनी त्यावर जीव ओवाळून टाकला असेल यात शंका नाही. १९५९ मध्ये त्याचीच सर्कशीची आवृत्ती आली, पांढरा डबा, पांढरे घोडे. नऊ घोडे आपले आपण चढतात, आपले आपण उतरतात. लगाम धरणारे कोणी नाही. ज्याने घोड्याला पहिल्यांदा उतारावरून डब्यात चढवताना पाहिले आहे, त्याला हे दृश्य परीकथेतले वाटेल.

१६/ येथे पहिला आक्षेप येतो: 'अहो, खेळणे आहे ते. एवढासा माणूस कोण बनवणार?' हा आक्षेप वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. याच लायोनेलने १९४७ मध्ये दुधाचा डबा काढला होता. बटण दाबले की दार उघडे आणि पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस दुधाचे कॅन एकामागून एक फलाटावर ठेवी. तो कंपनीच्या सर्वांत गाजलेल्या खेळण्यांपैकी एक ठरला. त्याच्याही आधीपासून त्यांच्याकडे गाडी आली की झोपडीबाहेर येणारा कंदीलधारी गेटमन होता. म्हणजे माणूस बनवता येत होता, हलवता येत होता, विकताही येत होता. घोड्यांच्या डब्यातच तो कोणाला आठवला नाही.

१७/ दुसरा आक्षेप प्रौढ छंदिष्टांचा आणि अधिक गंभीर: 'लहान मुलांची खेळणी सोडा. आज प्रमाणबद्ध मॉडेल बनवणारे इतके काटेकोर असतात की त्यांना इतिहासाचा धडा शिकवण्याची गरज नाही.' काटेकोरपणाची ही कहाणी जरूर ऐकावी. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या 'ओओ' प्रमाणात चार मिलिमीटर म्हणजे एक फूट. पण रुळांमधले अंतर मात्र १६.५ मिलिमीटर, म्हणजे चार फूट दीड इंच. खऱ्या ब्रिटिश रुळांतले अंतर चार फूट साडेआठ इंच. सात इंचांची चूक! या सात इंचांवरून छंदिष्टांत दशकानुदशके वाद झाले, स्वतंत्र मंडळे निघाली, १८.२ मिलिमीटरचा पंथ वेगळा, १८.८३ चा वेगळा. लोकांनी स्वतःच्या हाताने रूळ घडवले, चाके कातली, सात इंच परत मिळवले.

१८/ साडेपाच फुटी माणूस याच प्रमाणात बावीस मिलिमीटरचा होतो. सात इंचांसाठी पंथ निघाले. या साडेपाच फुटांसाठी निघाल्याचे ऐकिवात नाही.

१९/ हे छंदिष्टांवर अन्याय करणारे वाटेल, म्हणून त्यांची थोरवीही सांगायला हवी. 'रिवेट मोजणारे' ही त्यांच्यातलीच थट्टेची पदवी, पण त्या मोजणीमुळेच अनेक डब्यांचे रंग, क्रमांक, ब्रेकच्या नळ्यांची वळणे आज ठाऊक आहेत. विद्यापीठीय इतिहासकारांनी ज्या वस्तूंकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्या या लोकांनी जपल्या. मोतद्दाराच्या कप्प्याची खिडकी किती इंचांची होती हेही तेच सांगू शकतात. तक्रार एवढीच की खिडकीची मापे घेताना आत कोण बसले होते हे विचारले जात नाही. आणि 'तो आत आहे, फक्त दिसत नाही' हे उत्तर फसवे आहे. इतिहासात दिसेनासे करण्याची तीच तर रीत आहे.

२०/ अमेरिकेतल्या मोतद्दाराची गोष्ट याहून कडवट आहे. १८७५ साली पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा पंधरापैकी तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकलेला ऑलिव्हर लुईसही. पुढच्या काही दशकांत त्यांना खोगिरावरून पद्धतशीर खाली उतरवले गेले. घोड्यापाशी राहण्याची एकच जागा त्यांना मोकळी राहिली, तबेल्यातली. खरारा, मालिश, चंदी आणि प्रवासात सोबत.

२१/ याच काळात लुईझियानाने १८९० चा वेगळ्या डब्यांचा कायदा केला आणि १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा. पण कायद्यात एक सवलत होती: दुसऱ्या वर्णाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना तो लागू नव्हता. सेवा करायला आलेला माणूस स्पर्शाला चालतो, शेजारी बसायला आलेला चालत नाही. जातीचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला याचे आणखी स्पष्टीकरण नको.

२२/ मोतद्दारासाठी अशा सवलतीची गरजच नव्हती. त्याचा डबा आधीच ठरलेला होता. शर्यतीच्या घोड्यांचे अमेरिकन डबे लांबलचक, जलद प्रवासी गाड्यांना जोडले जाणारे. त्यांत घोड्यांच्या शेजारीच सांभाळणारी माणसे दिवस-रात्र काढत. १९३८ साली सीबिस्किटने वॉर ॲडमिरलला हरवले त्या लढतीपूर्वी तो असाच रेल्वेने खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला होता. घोड्याचे नाव जगाला पाठ आहे.

२३/ एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. मॅन ओ' वॉर या महान घोड्याचा मोतद्दार विल हार्बट हा कृष्णवर्णीय माणूस स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाला. का? घोडा शर्यतींतून निवृत्त होऊन केंटकीत एका जागी होता, लोक त्याला पाहायला येत, आणि घोड्याची कहाणी हार्बट सांगे. ऑक्टोबर १९४७ मध्ये हार्बट गेला आणि महिनाभराच्या आत घोडाही गेला. तो ज्ञात झाला, कारण लोक त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. डब्याच्या टोकाला बसून जे गेले, त्यांच्यासमोर कोण उभे राहणार?

२४/ तुलनेसाठी फ्रान्सचा मालडबा आठवावा. पहिल्या महायुद्धात त्याच्यावर लिहिलेले असे: माणसे ४०, घोडे ८. एक घोडा म्हणजे पाच सैनिक, असा सरळ हिशेब. अपमानच तो. पण त्या डब्यातून गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी परत येऊन १९२० मध्ये त्याच नावाची संघटना काढली, अपमानाचे पदक करून छातीवर मिरवले. १९४९ मध्ये फ्रान्सने असेच ४९ डबे भेटवस्तूंनी भरून अमेरिकेला पाठवले. त्या डब्याची प्रतिकृती बनते तेव्हा 'माणसे ४०' ही अक्षरे तिच्यावर असतातच. सैनिकाला संघटना होती, मताचा अधिकार होता, लेखणी होती. मोतद्दाराला खराऱ्याचा ब्रश होता.

२५/ एक विषयांतर, पण पूर्ण विषयांतर नव्हे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली शिंद्यांची चांदीची आगगाडी पुष्कळांनी पाहिली आहे. मेजवानीच्या टेबलावरच्या रुळांवरून ती मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढे फिरते. सर्वजण तिचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण ती गाडी नेमके काय वाहून नेते? खिदमतगाराचे काम. खिदमतगाराशिवाय खिदमत, मोतद्दाराशिवाय घोडे: छोट्या आगगाडीचे हे आकर्षण बरेच जुने आहे.

२६/ आता घराजवळ. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, आधी शनिवार-रविवारची गाडी म्हणून. पुण्याच्या शर्यतींना जाणाऱ्या मुंबईच्या धनिकांची गाडी अशीच तिची ओळख आजही सांगितली जाते. मुंबईत महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला. म्हणजे दरवर्षी दोनदा केवळ शौकीनच नव्हे, घोडेही घाट ओलांडणार. आणि रेल्वेच्या काळात घाट म्हणजे बोरघाटाचा लोहमार्ग. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारवर, तिच्या ऑम्लेटवर, तिच्या रंगावर मराठीत किती लिहिले गेले याची गणती नाही. बोगद्यामागून बोगदा अंधारात घुसताना बिथरणाऱ्या घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसावर काय लिहिले गेले?

२७/ मराठी इतिहासप्रेमींना हे टोचायला हवे, कारण इथली परंपरा वेगळी होती. सभासद बखर शिवकालीन पागेची रचना सांगते तेव्हा पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, इतक्यावर थांबत नाही. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, हेही सांगते. पाणी कोण आणणार आणि नाल कोण ठोकणार, याशिवाय पागा पुरी होत नाही हे बखरकाराला कळत होते. मोतद्दार त्या ओळीत नाही हे खरे, पण सेवेतली माणसे मोजण्याची सवय त्या ओळीत आहे. आजच्या मराठा घोडदळावरच्या थ्रेडांत आकडे येतात ते घोड्यांचे आणि स्वारांचे. पखालजी तिथूनही नाहीसा झाला आहे.

२८/ शेवटचा आक्षेप, तोही प्रामाणिक: 'प्रतिकृती म्हणजे डब्याची प्रतिकृती. समाजशास्त्राची नव्हे.' मग सोबत घोडा का दिला? रिकामा डबा दिला असता तर हे उत्तर चालले असते. डब्यात कोण बसते हे दाखवायचे ठरवले, तीन ठाणे आणि एक बाक यांतून निवड केली, आणि ठाण निवडले. निवड झाली की तिचा जाब विचारता येतो.

२९/ ज्यांना मॉडेल रेल्वेचा नाद आहे, आणि पुण्यात कोथरूडचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून तो लागलेले अनेकजण या थ्रेडवर असतील, त्यांच्यासाठी काम अगदी छोटे आहे. बावीस मिलिमीटरचा माणूस. बसलेला असेल तर त्याहूनही कमी. अंगात जाड कोट, हातात बादली. त्याला टोकाच्या कप्प्यात नव्हे, उतरत्या दारापाशी फलाटावर उभा करावा, घोड्याचे तोंड त्याच्याकडे वळलेले. छत काढता येणारा डबा असेल तर कप्प्यातला बाकही करावा आणि बाकावर एक घडी घातलेले कांबळे.

३०/ १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश रेल्वेने घोडे वाहणे बंद केले. काही हॉर्सबॉक्स जुन्या रेल्वे जपणाऱ्या संस्थांकडे अजून उभे आहेत. त्यांची छायाचित्रे शोधताना बहुतेक वेळा ठाणांची बाजू पुढे येते. टोकाच्या छोट्या खिडकीचे छायाचित्र कोणाला मिळाले, तर या थ्रेडखाली जरूर टाकावे.